दुखत होतं का, हे कुणी विचारायचं?

आप्पा गेले त्याच्या अकराव्या दिवशी माझ्या मोबाइलवर रुग्णालयाचा मेसेज आला. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? खाली प्रश्न होते स्वच्छतेचे, पार्किंगचे, बिलाला लागलेल्या वेळाचे. चांगले गुण देता आले असते. फरशी लखलखीत होती, पोरंपोरी अदबीनं बोलत होती. पण माझे वडील तिथे नऊ दिवस होते आणि दहाव्या पहाटे गेले, हे लिहायला त्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

मी स्वतः ३१ वर्षं नर्स होते, बहुतेक काळ मेडिसिन वॉर्डात. म्हणून फाइलची प्रत मागून घेतली. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, सगळं तासातासाला नोंदलेलं. लघवी किती मिलिलिटर झाली तेही. वेदना शून्य ते दहामध्ये किती, हा आकडा नऊ दिवसांत दोनदा. फुप्फुसाचा कर्करोग हाडांत उतरलेल्या माणसाला दोनदा! आणि दोन्ही वेळा शून्य, कारण तेव्हा ते गुंगीत होते. जागे असताना ते रात्रभर चादर मुठीत धरून असायचे, ते कुठल्याच रकान्यात नाही.

तेराव्यानंतर आईला विचारलं, तुला काय सलतं? ती म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता गं. मी पुढ्यात उभी, तरी ते मला शोधत होते." चष्मा माझ्या पर्समध्ये होता. आयसीयूत नेताना घड्याळ, कवळी आणि चष्मा पिशवीत घालून आमच्या हाती दिला होता. वस्तू हरवू नयेत म्हणून मीही आयुष्यभर नातेवाइकांना अशाच पिशव्या दिल्या आहेत.

आपली रुग्णालयं मोजतात ते किती मृत्यू झाले एवढंच, आणि तो आकडाही पुरा नसतो. आशा संपली की घरचे लोक सही करून पेशंटला घरी नेतात. कागदावर 'डामा' लिहिलं जातं, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध सुट्टी. अँब्युलन्समध्ये कुणीतरी हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत बसतं आणि गावच्या ओसरीवर पोचलं की थांबतं. रुग्णालयाच्या मृत्यूंमध्ये ते नाव येत नाही. अशा सह्या मी किती घेतल्या, त्याचा हिशेब नाही. सोबत मॉर्फिनच्या चार गोळ्या तरी दिल्या का, हे विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. ते मला आता खातं.

मरणाच्या गुणवत्तेची इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची जागतिक यादी २०१० साली आली, तेव्हा ४० देशांत भारत शेवटचा होता. २०१५ मध्ये ८० देशांत ६७वा. अशा यादीचा उपयोग आहे. धोरण आहे का, पैसा आहे का, शिकलेली माणसं आहेत का, हे ती दाखवते. केरळने २००८ मध्येच स्वतःचं उपशामक सेवेचं धोरण केलं, तेही तिथून समजून घ्यावं. पण सत्तावीस नंबरच्या कॉटवर काय झालं, हे यादीतून कळत नाही.

ते कळतं मागे राहिलेल्या माणसाला. इंग्लंडमध्ये काही वर्षं सरकारी सांख्यिकी कार्यालय मृत्यूच्या नोंदींतून नावं काढून, काही महिन्यांनी त्या घरी प्रश्नावली पाठवत असे. वेदना कितपत आटोक्यात होत्या, सन्मानानं वागवलं का, माणूस त्याला हवं तिथे गेला का. त्यातून निघालं की घरी गेलेल्यांच्या वेदना हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, गेलेल्यांपेक्षा खूपच कमी आटोक्यात होत्या. आपण किती सहज म्हणतो, घरी गेला, सुखानं गेला! घराला औषधाची आणि शिकलेल्या हातांची जोड नसेल, तर ते सुख बघणाऱ्याच्या मनातलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. हक्क दिला असेल तर तो पोचला का, हे कुणीतरी तपासलं पाहिजे. त्याला नवं खातं लागत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असतेच, ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत. रुग्णालयातला असो की डामा घेऊन ओसरीवर गेलेला, दोघांचीही नावं त्याच वहीत येतात. तिथला पत्ता घेऊन तीन महिन्यांनी कुणीतरी जावं. जाणारा त्या रुग्णालयाचा नोकर नसावा. आशाताईंच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझं आहे, त्यांच्यावरही टाकू नये. बसावं, पाणी घ्यावं आणि विचारावं: दुखत होतं का? औषध वेळेवर मिळालं का? शेवटी जवळ कोण होतं? आणि माझ्या आईसाठी, चष्मा होता का, हेही.

सुरुवात एका तालुक्यापासून करता येईल. आमच्या साताऱ्यात झाली, तर वही घेऊन दारोदार जायला मी तयार आहे. निवृत्त सिस्टर आम्ही पुष्कळ आहोत इथे.