मुलांचा हट्ट आणि आपला हात

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. मुरुड तालुक्यात घरांचे पत्रे, कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. टाळेबंदीमुळे अंगणवाड्या आधीच बंद होत्या. घरांचे, झाडांचे पंचनामे झाले. लहान पोरांच्या भीतीची चौकशी मात्र कुणी केली नाही. नंतर बरेच दिवस वारा सुटला की काही मुलं आईला सोडेनात, अंथरूण ओलं करू लागली, क्षुल्लक कारणावरून लोळण घेऊ लागली. आम्ही मोठ्यांनी "लाडावलंय" म्हणत धपाटे घातले. चुकलंच आमचं.

वादळ गेलं, धपाटे राहिले. दिवेलागणीची वेळ बघा. आई कामावरून थकून आलेली, भाकऱ्या व्हायच्यात, आणि नेमकं तेव्हाच तीन वर्षांचं पोर जमिनीवर पडून आक्रोश करतं. घराला घर लागलेलं, सगळी वस्ती ऐकते. आमच्या मते बराचसा मार या लाजेपोटीच पडतो. शेजारणीने टोमणा मारण्यापेक्षा दोन भाकऱ्या थापून द्याव्यात.

आधी भूक, झोप, ताप, कानदुखी पाहा. एवढ्या मुलाकडे राग सांगायला शब्द नसतात, आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग विशी उलटेपर्यंत वाढतच असतो. रडं भरात असताना उपदेश नको. खाली बसा, आवाज उतरवा, "गाडी मोडली म्हणून राग आला ना?" असं विचारा. नाही म्हटलेली वस्तू देऊ नका, पण उठूनही जाऊ नका. मारायला लागलं तर त्याचे हात धरा, उलट मारू नका. मोबाइल दिला की रडं थांबतं खरं, पण राग कसा ओसरतो ते मूल शिकत नाही. "पोलीस नेईल" तर बंदच करा. बाबांनो, हे तुम्हालाही आहे.

शाळेत गुरुजींनी हात उगारला तर आपण जाब विचारतो. बरोबरच आहे, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार तिथे मारायला बंदी आहे. मग घरात का चालावं?

येत असलेले शब्द बोलणं बंद झालं, हाकेला मूल वळत नाही, डोकं आपटत राहतं, तर दृष्ट काढत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, सेविकाताईंना आधीच सांगून ठेवा. आणि आईला स्वतःलाच आवरेनासं झालं असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.