पोर्टल नवं, ट्रेनिंग दोन तासांचं: विद्यापीठात आपलं काम अडतं कुठे?

मागच्या वर्षी नोकरीच्या कागदपत्र तपासणीसाठी मला विद्यापीठातून नावदुरुस्ती करून हवी होती. मार्कशीटवर माझं आडनाव आधी, आधारवर शेवटी. ऑनलाइन अर्ज केला, तर तो तीनदा परत आला. शेवटी थेट खिडकीवर गेलो.

खिडकीमागचे काका वैतागलेले होते, पण खरं बोलले. "अरे, या पोर्टलचं ट्रेनिंग एकदाच झालं. हॉलमध्ये शंभर माणसं, पडद्यावर स्लाइड्स, दोन तासांनी सर्टिफिकेट. बटण मी स्वतः कधी दाबलंच नाही." मग शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी दाखवलं की दुरुस्तीचा अर्ज दुसऱ्याच मेनूमधून पुढे पाठवायचा असतो. पाच मिनिटांत काम झालं. त्याआधी माझे तीन आठवडे गेले होते.

आपण लगेच म्हणतो, "सरकारी माणसं कामच करत नाहीत." मला आता तसं वाटत नाही.

मुंबईत काय झालं होतं?

सगळ्यात मोठं उदाहरण २०१७ चं. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचं ठरवलं. कल्पना चांगली होती. पण उत्तरपत्रिका १७ लाखांहून जास्त, आणि निर्णय परीक्षा तोंडावर असताना. हजारो प्राध्यापकांना नव्या सिस्टिमवर हात बसवायला वेळच मिळाला नाही. स्कॅनिंग आणि लॉगिनच्या अडचणी होत्या त्या वेगळ्याच. कायद्याप्रमाणे निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवा. तो सप्टेंबरपर्यंत लांबला. कितीतरी मुलांचे पुढचे प्रवेश अडकले. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं.

दोष एकट्या ट्रेनिंगचा नव्हता. पण सॉफ्टवेअर आधी आणि माणसं नंतर, हा क्रम महागात पडला.

सर्टिफिकेट म्हणजे शिकणं नव्हे

ट्रेनिंगच्या संधी अगदीच नाहीत असं नाही. प्राध्यापकांना बढतीसाठी ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स करावेच लागतात. केंद्र सरकारने २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं, त्यातल्या 'आयगॉट' ॲपवर सरकारी कर्मचारी मोबाइलवरच कोर्स करू शकतात. प्रश्न आहे तो मोजमापाचा.

अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. लोकांना ते आवडलं का? ते काही शिकले का? टेबलवर परतल्यावर कामाची पद्धत बदलली का? आणि शेवटी, निकाल सुधारला का? आपल्याकडे बऱ्याचदा गाडी पहिल्या पायरीवरच थांबते. हजेरी लागली, फोटो काढला, झालं ट्रेनिंग!

तुम्ही यूपीआय कसं शिकलात ते आठवा. कोणी स्लाइड दाखवली नव्हती. आधी एक रुपया पाठवून बघितला, चुकलात, पुन्हा केलं. काकांनाही तेच हवं होतं: खोट्या अर्जांवर सराव करायला एक डेमो लॉगिन, अडल्यावर विचारायला विभागातलाच एक जाणकार, आणि शिकायला खिडकी बंद ठेवून मिळालेला तासभर. मोजायचं असेल तर सर्टिफिकेट मोजू नका. ट्रेनिंगआधी किती अर्ज परत जात होते आणि नंतर किती, हे मोजा. तो आकडा पोर्टलमध्ये आधीच साठलेला असतो.

तुम्ही काय करू शकता?

- डिजिलॉकर, आधार आणि मार्कशीटवरचं नाव आजच जुळवून बघा. फरक असेल तर गरज पडण्याआधीच अर्ज करा.
- अर्ज परत आला तर कारणाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.
- तक्रार करताना "कर्मचारी काम करत नाहीत" असं लिहू नका. "अमुक अर्ज अमुक पायरीवर तीनदा परत आला" असं लिहा. अशी तक्रार दुरुस्त करता येते.

माझं काम झाल्यावर काकांनी तो मेनू एका कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवला. त्यांचं खरं ट्रेनिंग त्या पाच मिनिटांत झालं, आणि तेही एका विद्यार्थ्याचे तीन आठवडे वाया गेल्यावर.