हथनोऱ्याला उतरावे

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरांत राहणारा मराठी माणूस, रजेची आणि प्रवाससवलतीची मंजुरी दफ्तरातून हाती पडताच, निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेस गाठतो आणि झाशी, भोपाळ, इटारसी अशी मजल मारीत महाराष्ट्राकडे निघतो. बुदनी मागे पडून गाडी नर्मदेच्या पुलावर आली की तो भक्तिभावाने हात जोडतो, पाण्यात नाणे टाकतो. परंतु याच नदीच्या उत्तर तीरावर, पुलापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी, भारतातील आदिमानवाची कवटी सापडली, याचा त्याला गंधही नसतो.

5 डिसेंबर 1982 रोजी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे अरुण सोनकिया यांना सीहोर जिल्ह्यातील हथनोरा गावाजवळ, दगडगोटे व वाळू घट्ट होऊन बनलेल्या थरात, ही कवटी आढळली. ती होमो इरेक्टसची की आपल्याला अधिक निकट असलेल्या एखाद्या पुरातन मानवाची, याविषयी विद्वानांत मतैक्य नाही, आणि तिच्या कालनिर्णयातही लक्षावधी वर्षांचे अंतर पडत आले आहे.

पण तेथे जाऊन पाहायचे काय, असा प्रश्न व्यवहारी गृहस्थ हमखास करतो. कवटी केव्हाच सरकारी संग्रहात गेली. उरला आहे तो थर, आणि माझ्या मते पाहण्याजोगा तोच आहे. या नर्मदाखोऱ्यातच लुप्त झालेल्या हत्तींची हाडे आणि दगडी हातकुऱ्हाडी निघतात. त्या मानवाभोवती कोणते पशू चरत होते आणि नदी कशी वाहत होती, याची साक्ष थरच देतो, संग्रहालयातील काचेची पेटी देत नाही. टांझानियातील ओल्डुवाय या आदिमानवाच्या प्रसिद्ध स्थळाची स्वप्ने रंगवणाऱ्यांनी (आणि दिल्लीत अशी हौशी मंडळी पुष्कळ आहेत) आधी भोपाळला किंवा इटारसीला उतरावे. वाटेत भीमबेटकाही आहे. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी 1957 साली आगगाडीतून ते खडक पाहिले म्हणूनच ती चित्रित गुंफांची नगरी उजेडात आली, आणि 2003 मध्ये ती जागतिक वारसा ठरली.

एवढाही प्रवास नको असेल, तर घराजवळ फरीदाबाद जिल्ह्यातील अनंगपूर आहे. तेथे अस्थी नाहीत, हत्यारे आहेत: अरवलीच्या गारगोटीसारख्या कठीण खडकातून आदिमानवाने घडविलेली. त्याच डोंगरातून निघणारी बदरपूर नावाची जाड वाळू दिल्लीच्या इमारतींत वर्षानुवर्षे जिरली. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने या पट्ट्यातील खाणकामास मनाई केली, परंतु तोवर खणून नेलेल्या मातीबरोबर किती हत्यारे गेली, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात मिळणार नाही.

म्हणून प्रवाशाने पाहावे, पण दगड खिशात घालू नये; जागेवरून हललेली हातकुऱ्हाड अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ मुकी होते. सरकारनेही हथनोऱ्याला ध्वनिप्रकाशाचे खेळ आणि उपाहारगृहे मांडू नयेत. एक फलक, एक हद्दीची खूण, एक चौकीदार पुरे. मात्र नदीकाठच्या वाळूचा ठेका मंजूर करण्यापूर्वी महसूल खात्याने तो थर नकाशावर दाखवून, त्या तुकड्यापुरती उपशाला साफ मनाई लिहून ठेवावी.