दुखवट्याच्या घराला वकील हवाच

9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ला पश्चिमेला, एस. जी. बर्वे मार्गावर 332 क्रमांकाची बेस्टची बस ऐन गर्दीत घुसली. चालणारी माणसं, रिक्षा, गाड्या, जे समोर आलं ते तिने चिरडलं. त्या रात्री आणि नंतर रुग्णालयात मिळून नऊ जण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. लगेच मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी 5 लाख रुपये जाहीर केले, बेस्टने 2 लाख. ती मदत योग्यच होती. पण त्यानंतर जे बोललं गेलं त्याला माझा ठाम विरोध आहे. ‘पैसे जाहीर झाले, आता कोर्टकचेरी कशाला? वकिलाच्या नादी लागलात तर मिळालेलंही जाईल.’ हा सल्ला देणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक वेळा शेजारी असतात, मामा-काका असतात, प्रेमापोटी सांगतात. पण त्यांच्या सल्ल्याने घर बुडतं, म्हणून त्याचं खंडन करणं भाग आहे.

सरकारने जाहीर केलेली रक्कम ही सानुग्रह मदत असते. ती सरकारच्या मर्जीने मिळते. ज्याच्या चुकीने माणूस गेला त्याच्याकडून, त्याच्या विमा कंपनीकडून कायद्याने वसूल होते ती नुकसानभरपाई, आणि तो वारसांचा हक्क आहे. एक मिळाली म्हणून दुसरी बुडत नाही. अशाच प्रश्नावर, आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो खटल्यात 1998 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मृताच्या आयुर्विम्याचे पैसे घरच्यांना मिळाले म्हणून अपघाताच्या भरपाईतून ते कापता येणार नाहीत.

आता भरपाईचा हिशोब पाहू. समजा, कुर्ल्यातल्या सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात काम करणारा तीस वर्षांचा माणूस अपघातात गेला. महिन्याला अठरा हजार कमावत होता. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले 2,16,000. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात, म्हणजे 3,02,400. सरला वर्मा निकालाप्रमाणे (2009) अवलंबून असलेले चौघे असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो, उरतात 2,26,800. या वयाला गुणक 17. रक्कम होते 38,55,600. सहवास गमावल्याची, अंत्यविधीची भरपाई वेगळी.

हाच माणूस, हीच बायको, हीच मुलं. फक्त अठरा हजारांचा पुरावा कोणी समोर ठेवला नाही आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने अंदाजाने दहा हजार धरले, तर तोच हिशोब 21,42,000 वर येऊन थांबतो. सतरा लाखांहून जास्त फरक, आणि तो पडतो फक्त कागदावर. कुर्ल्यात किती जणांना पगाराची स्लिप मिळते? गॅरेजवाला, भंगारवाला, घरकाम करणारी बाई, फेरीवाला, सगळा रोखीचा मामला. मालकाला साक्षीला उभं करणं, बँकेचं पासबुक आणि मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी काढणं, भाजी विकणाऱ्याकडून कागदोपत्री पुराव्याचा हट्ट धरता येत नाही हे सांगणारा सय्यद सादिक निकाल (2014) दाखवणं, हे दुखवट्यात बसलेल्या बाईने कधी आणि कसं करायचं? आणि गेलेली व्यक्ती गृहिणी असेल, तर ‘ती कुठे कमावत होती’ हा प्रश्न विमा कंपनीच्या आधी घरचेच विचारतात. गृहिणीच्या श्रमालाही उत्पन्न धरलं पाहिजे, हे कीर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण हे तिथे कोणीतरी बोललं पाहिजे ना?

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. 2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यावा लागतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. मग वकील कशाला? ही सुधारणा चांगली आहे. मात्र पोलिसांचा अहवाल मुख्यतः अपघात कसा घडला ते सांगतो. त्या माणसाच्या जिवावर घरात किती पानं वाढली जात होती, हे सिद्ध करणं तपास अधिकाऱ्याचं काम नव्हे. तपास अधिकाऱ्याच्या हाती आणखी दहा प्रकरणं असतात. समोर विमा कंपनी मात्र वकील घेऊनच उभी असते. तो पंचनाम्यातला नकाशा उलगडतो आणि विचारतो, मयत रस्त्याच्या मधोमध कसा होता? मयताचीही चूक ठरली की भरपाईत कपात. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आपल्या बाजूला कोणी नसेल, तर न्यायाधीश कितीही सहृदय असले तरी त्यांच्यापुढे एकच बाजू राहते.

कुर्ल्याच्या त्या बसचंच घ्या. नाव बेस्टचं, पण बस ठेकेदाराची, भाडेतत्त्वावर घेतलेली. ड्रायव्हरही ठेकेदाराचा. दाव्यात सामनेवाला कोणाला करायचं? बेस्टला, कंत्राटदाराला, विमा कंपनीला की तिघांनाही? असा पेच उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाने भाड्याने घेतलेल्या बसबाबत कुलसुम खटल्यात आला होता, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला हात झटकू दिले नाहीत. सामनेवाल्यात एक नाव राहून गेलं तर पुढे वर्षं जातात.

‘कंपनीच्या माणसाशी बसून मिटवून टाकू’ हा तिसरा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली, कोणाची चूक हे न पाहता, मृत्यूला 5 लाख मिळतात. विमा कंपनी तडजोडीत ते देऊ करते. पण 2019 च्या दुरुस्तीने कलम 166 ला एक अट जोडली आहे. ते 5 लाख तुम्ही त्या पद्धतीने स्वीकारलेत, की पूर्ण भरपाईचा दावा संपला. वरचे अडतीस लाख आठवा, आणि तेराव्याच्या आत पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या आईचा विचार करा. लोकअदालतीतही तेच. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तडजोड करूच नये असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं थांबण्यापेक्षा वाजवी रकमेवर मिटवणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. पण वाजवी रक्कम कोणती, हे सही करण्याआधी सांगणारा माणूस तुमच्या बाजूचा हवा.

राहिला सर्वांत कडवट आक्षेप. वकील लुटतात. याला आधार आहे, आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणा ठरेल. रुग्णालयाच्या दारात दलाल उभे असतात, कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतल्या जातात, ‘मिळेल त्यातले तीस टक्के माझे’ असे सौदे होतात. पण हे सौदेच बेकायदा आहेत. निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा मागायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने बी. सुनीता खटल्यात 2017 मध्ये अशा टक्केवारीवर कडक ताशेरे ओढले, आणि ते प्रकरण अपघाताच्या भरपाईचंच होतं. म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्यासाठी वकीलच नको म्हणणं हा उपाय नाही. पैसे नाहीत ही अडचणही खरी, पण स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. नवरा गमावलेली बाई स्त्री आहे एवढंच तिला पुरेसं आहे.

काही जणांना मेलेल्या माणसाचे पैसे मोजणंच पाप वाटतं. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण जून महिन्यात शाळेची फी येते, दर महिन्याला खोलीचं भाडं येतं, आणि कमावणारा हात कोणाच्या तरी बेफिकिरीने गेला आहे. ज्याने तो नेला त्याने भरून द्यावं, यात लाजायचं काय?

बसपलीकडे पाहिलं तर वकिलाची गरज वाढतच जाते. कुर्ला स्टेशनवर गर्दीच्या लोकलमधून पडून कोणी गेला, तर दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातो. मृत्यूला 8 लाख, मुदत साधारण एक वर्ष. तिथे रेल्वेची ठरलेली उत्तरं दोन. रूळ ओलांडत होता, किंवा तिकीट सापडलं नाही. पहिलं खरं ठरलं तर भरपाई नाही. दुसऱ्याला उत्तर आहे. नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं होत नाही, हे रीना देवी निकालात (2018) ठरलं आहे. पण त्यासाठी वारसाने आधी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि हे न कळल्याने दावे कोलमडतात. कुर्ल्यातल्याच नाईक नगरची इमारत 27 जून 2022 च्या रात्री कोसळली, 19 जण गेले. इमारतीखाली गेलेल्यांसाठी तर असं खास न्यायाधिकरणही नाही. 1855 चा प्राणघातक अपघात कायदा, दिवाणी दावा, दोन वर्षांची मुदत. घरच्यांनी एकट्याने ही वाट चालावी अशी अपेक्षा करणं क्रूर आहे.

तेव्हा कुर्ल्यातल्या, आणि कुठल्याही वस्तीतल्या शेजाऱ्यांना, मंडळाच्या कार्यकर्त्यांना, मशिदीच्या नि मंदिराच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. दुखवट्याच्या घरी जेवणाचे डबे पोचवता तसंच पहिल्या आठवड्यात एक माणूस कागदांसाठी नेमा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आधार, पासबुक, मालकाचा फोन नंबर आणि रेल्वेचं प्रकरण असेल तर पास किंवा मोबाइलमधलं तिकीट, सगळं एका पिशवीत ठेवा. वकील भेटेपर्यंत कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा होऊ देऊ नका. मोटार अपघाताच्या दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा देशभरचा नंबर 15100 आहे.