कुत्रं मोकळं, मालक नामानिराळा

आमच्या शेजाऱ्यांकडे जर्मन शेफर्ड आहे. त्याला नाव आहे, चामड्याचा गळपट्टा आहे, थंडीत घालायला स्वेटर आहे. त्याची साखळी धरणारा माणूस तेवढा नाही. पहाटे साडेपाचला फाटकाची कडी वाजते, कुत्रं बाहेर पडतं आणि मालक पुन्हा जाऊन झोपतात. पुढचे दोन-अडीच तास कॉलनीचा रस्ता त्या कुत्र्याच्या ताब्यात असतो. कोणाच्या दारात घाण करायची, कोणाच्या सायकलीमागे लागायचं, कोणाला कोपऱ्यात अडवून धरायचं, हे सगळं ते ठरवतं. आठ वाजता मालक शीळ घालून त्याला आत घेतात. रात्री जेवणं झाली की पुन्हा तेच. कुत्र्याला मोकळीक हवी, असं त्यांचं म्हणणं आहे. माझ्या लेखी ही सरळसरळ कामचुकारी आहे. तिची किंमत दुसरेच लोक रक्त सांडून चुकवतात, म्हणून ती मला किळसवाणी वाटते.

त्या वेळात रस्त्यावर कोण असतं ते बघा. दूधवाला, पेपर टाकणारी पोरं, घंटागाडीबरोबर चालणारे सफाई कामगार, सातच्या शाळेला निघालेली मुलं आणि खालच्या वस्तीतून धुणंभांडी करायला येणाऱ्या बायका. प्लॉटवाले तेव्हा घरात असतात, आणि बाहेर पडले तरी काचा वर केलेल्या गाडीतून पडतात. त्यामुळे कॉलनीच्या बैठकीत हा विषय निघाला की निम्मी मंडळी घड्याळाकडे बघतात. त्यांच्या पोटरीला दात लागणारच नसतात. पाळलेलं कुत्रं मोकाट सोडणं हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला किरकोळ कुरबुरीचा विषय आहे, असं समजणाऱ्यांनी एकदा पहाटे सहाला पायी चालून बघावं.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ते चावलं. आवाज ऐकून मी बाहेर गेलो तोवर मालकीणबाईही फाटकाशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घाबरू नका मावशी, काही करत नाही तो. इंजेक्शनं झालीत त्याची सगळी. जरा हळद दाबून धरा." मावशींच्या साडीचा काठ रक्ताने भिजलेला समोर दिसत होता, आणि ही बाई सांगत होती, काही करत नाही. मावशींनी मला एवढंच विचारलं, "मी काय त्यांच्या दारात गेलते का हो सर? रस्त्यानंच चालले होते ना?"

हळद, चुना, तिखट, तेल यातलं काहीही कुत्र्याच्या चाव्यावर लावायचं नसतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, कारण रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि त्यातला बराचसा या धुण्यानेच निघून जातो. मग तडक दवाखाना. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. दात आत रुतून रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. आमच्या इथल्या दवाखान्यात लस होती, इम्युनोग्लोब्युलिन नव्हतं. सुजलेला पाय घेऊन मावशींना एसटीने जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. लस फुकट मिळाली. बुडालेले खाडे, भाडं, दुसऱ्या तीन घरची ऐकून घेतलेली बोलणी, आणि महिनाभर उशाशी असलेली भीती, हे सगळं मावशींच्या खात्यात गेलं. कुत्र्याच्या मालकांनी साधी चौकशीही केली नाही.

भीती बाळगावी असाच हा रोग आहे. लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, आणि संशयित जनावर चावलेल्यांमध्ये १५ वर्षांखालची मुलं ४० टक्के असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाची उंची कमी, म्हणून चावा तोंडाला, मानेला बसतो, आणि तिथून मेंदू जवळ असतो. ज्या माणसाने आठवडाभर आधी "लहान मुलांशी फार गोड खेळतो हो तो" असं मला ऐकवलं, त्याला हे ठाऊक नसेल तर त्याने कुत्रं पाळायला नको होतं. ठाऊक असेल तर त्याचा गुन्हा आणखी मोठा आहे.

इंजेक्शनांचं पुस्तक मी मागितलं. बरेच दिवस 'शोधतो' म्हणून टोलवाटोलवी झाली. शेवटी दाखवलं, तेव्हा रेबीजच्या लशीची शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची निघाली. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि मग दरवर्षी, हे गुरांच्या दवाखान्यातला शिपाईसुद्धा सांगेल. याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. ते दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं समजतात. ज्याला चावलं त्याचे उपचार त्यासाठी थांबवत नाहीत, पण त्याच्या जिवाला मोठा आधार मिळतो. आणि हे लक्ष ठेवणं फक्त घरी बांधलेल्या कुत्र्यावर शक्य असतं. चावल्याच्या दुसऱ्याच पहाटे या माणसाने फाटकाची कडी काढली. आपलं कुत्रं रात्री कोणत्या उकिरड्यावर कोणाशी भांडलं, त्याला कोण चावलं, हे ज्याला कळत नाही, त्याच्या 'इंजेक्शनं झालीत' या शब्दावर मी कोणाचा जीव टांगणीला लावू?

अशा मालकांची सगळ्यात हलकट सवय म्हणजे वेळ बघून मालकी सोडून देणं. पाहुण्यांसमोर हात द्यायला लावायचा, फोटो काढायचे, तेव्हा कुत्रं यांचं. दारातली घाण उचलायची वेळ आली की "आमचाच होता कशावरून? रस्त्यावरचीही फिरतात की." नगरपरिषदेचं कुत्री पकडायचं पथक आलं की गळपट्टा दाखवायचा, म्हणजे पथकाने हात लावायचा नाही. चावल्याची तक्रार झाली की तोच गळपट्टा काढून ठेवायचा. भटक्या कुत्र्यांचे नियम याला लागू नाहीत, पाळीव कुत्र्याची बंधनं मालक पाळत नाहीत. या दोहोंच्या मधल्या फटीत ते जनावर उभं आहे, आणि त्या फटीचा सगळा फायदा एकाच घराला मिळतो.

पोलीस ठाण्यात मी मावशींबरोबर गेलो. समोरच्या अंमलदारांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "एनसी करून देतो. शेजारीशेजारीच आहात, मिटवून टाका." हे ऐकून लोक घरी परततात, म्हणून इथे नीट सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ याच गोष्टीसाठी आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी न घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये होता, तेव्हा दंड एक हजाराचा होता. हा गुन्हा दखलपात्र आहे. एनसी, म्हणजे अदखलपात्राची नोंद, ही अशा तक्रारीची बोळवण आहे. ती घेऊन परत येऊ नका. दवाखान्याचा केसपेपर, जखमेचे फोटो, मोकाट फिरणाऱ्या कुत्र्याचे तारीखवार फोटो जोडा, अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आम्ही तेच केलं. पोचेचा शिक्का बसेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही.

कोर्टात गेलं तर काय होतं, याची उदाहरणं मुंबईत आहेत. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका वयस्कर माणसाला रॉटवायलर चावला. त्या कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली ती २०२३ मध्ये. वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ मध्ये कुत्रं चावल्याचं प्रकरण होतं, त्यात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा झाल्या याचं मला समाधान आहे. पण धुणंभांडी करणारी कोणती बाई तेरा वर्षं तारखांना जाईल? शेजाऱ्यांच्या निबरपणाला बळ येतं ते या दिरंगाईतून.

म्हणून मला दुसरा मार्ग जास्त कामाचा वाटतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याला सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १३३ होतं. धोकादायक जनावर बंदिस्त ठेवण्याचा आदेशही त्यात स्पष्टपणे येतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. तिथे कोणाला तुरुंगात धाडायचा प्रश्न नाही. फाटकाची कडी लागलेली राहावी, एवढंच मागायचं आहे.

"गावाकडे कुत्री मोकळीच असायची, तेव्हा कोणाचं काय बिघडलं?" हा प्रश्न मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारला. मी वाडीवरच वाढलो. तिथलं कुत्रं वस्तीची राखण करायचं, धनगराचं कुत्रं मेंढरांमागे चालायचं. त्याला काम होतं, आणि दोन वस्त्यांमध्ये शेतांचं अंतर होतं. चाळीस घरांच्या कॉलनीत तीस फुटी रस्त्यावर ते अंतर कुठून आणणार? आणि बिघडायचंही. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे नेऊन गमावल्याच्या गोष्टी प्रत्येक वाडीत आहेत. त्या सांगायला आता कोणाला आवडत नाही, इतकंच.

प्राणीप्रेमाचा आव तर मुळीच आणू नये. फिरवायला वेळ नाही म्हणून जनावराला रस्त्यावर ढकलणं हे प्रेम असूच शकत नाही. हायवेला लागून असलेल्या आमच्या वळणावर अशी कुत्री चिरडली जातात, गोचीड आणि डिस्टेंपर घेऊन घरी येतात, उकिरड्यावरचं खाऊन मरतात. उलट टोकाला जाऊन चोवीस तास साखळीला बांधून ठेवणं हाही उपाय नव्हे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरू न देणं ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही क्रूरताच ठरवली आहे. सकाळ-संध्याकाळ पट्टा हातात धरून अर्धा-पाऊण तास चालायचं, पिशवीत घाण उचलायची, वर्षाला लस टोचायची. हे ज्याला जमत नाही त्याने जर्मन शेफर्ड आणू नये. मासे पाळावेत.

आणखी एक पाप या मोकळिकीत दडलेलं आहे. हे कुत्रं खच्ची केलेलं नाही. ते रात्री जिथे जातं तिथे दोन महिन्यांनी पिल्लं होतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांवर भटकी कुत्री मोजली गेली. त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना जागेवर परत सोडायचं, असं २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात. पाळीव कुत्र्याची नसबंदी आणि लस ही मालकाची जबाबदारी, हेही त्याच नियमांत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आधी एक आणि अकरा दिवसांनी सुधारून दुसरा आदेश दिला, तेव्हा घराघरांत भांडणं झाली. आमचे शेजारीही त्यात हिरिरीने बोलत होते. "रस्त्यावरच्या कुत्र्यांचं सरकारने काहीतरी केलंच पाहिजे," असं ते मला म्हणाले, तेव्हा त्यांचं स्वतःचं कुत्रं रस्त्यावर होतं.

कॉलनीत एकाने दबक्या आवाजात सुचवलं, मटणात गोळी घालून टाकू, प्रश्नच मिटेल. त्याला मी तोंडावर सांगितलं की असं झालं तर पहिली साक्ष माझी असेल. जनावराला विष घालून मारणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती व्हायलाच हवी. त्या कुत्र्यावर माझा राग नाही. त्याने फाटक उघडलेलं नाही. त्याला कोणी थांबायला शिकवलं नाही, माणसाच्या हाताची सवय लावली नाही. दात त्याचे असले तरी चावा मालकाचा आहे.

आणि चिडायचं तर मी उरलेल्या कॉलनीवरही चिडतो. "कशाला वाईटपणा घ्यायचा?" या एका वाक्यावर वर्षं काढली आपण. गणपतीची वर्गणी मोठी देतात, अडीअडचणीला गाडी देतात, म्हणून गप्प बसलो. आपल्या या भिडेपोटी मावशींनी चार वेळा दंडात सुई टोचून घेतली. वाईटपणा तर आलाच, फक्त तो आपण त्यांच्या अंगावर ढकलला.

तहसीलदारांकडे द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. पोलिसांकडची पोच, केसपेपरची झेरॉक्स आणि फोटो जोडले आहेत. पहिला अंगठा मावशींचा आहे, दुसरी सही माझी. पेपर टाकणाऱ्या पोराच्या वडिलांनी कालच सही केली. खाली अडतीस घरांसाठी जागा मोकळी आहे. अर्ज सोमवारी सकाळी अकराला आवक-जावक टेबलावर जाईल. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी रात्रीपर्यंत माझ्याकडे यावं. ज्यांना करायची नाही, त्यांनी त्याचं कारण मावशींना समोर उभं करून सांगावं.