वाघ्याची जखम आणि आपली ट्यूब

आपल्या होस्टेलवर डॉक्टर किती आहेत? माझ्या मते जितक्या खोल्या तितके! डोकं दुखलं, तिसऱ्या मजल्यावर गोळी मिळते. ताप आला, शेजारच्या खोलीतला कुणीतरी "माझ्या भावाला हेच दिलं होतं" म्हणून अर्धी स्ट्रिप हातात ठेवतो. आणि मांडीला खाज सुटली तर 'ती' ट्यूब आहेच. आज थोडं या ट्यूबबद्दलच लिहायचं आहे, पण सुरुवात करतो वाघ्यापासून.

वाघ्या हा आपल्या गेटवरच्या वॉचमन मामांचा कुत्रा. मोकाट नव्हे, गळ्यात पट्टा असलेला, रेबीजची लस टोचलेला. मामांच्या नाईट ड्यूटीला तोही ड्यूटीवर. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्याच्या कानामागे आणि पुढच्या पायाच्या कोपराला केस जाऊन चट्टा पडला. आठवडाभरात तिथून पाणी यायला लागलं. बिचारा दिवसभर चाटायचा आणि रात्रभर खाजवायचा.

मग काय, सल्ले सुरू! एकजण म्हणाला हळद आणि खोबरेल लावा. दुसऱ्याने वर्कशॉपकडे बोट दाखवलं, "जळकं ऑइल लाव बे, आमच्या गावात सगळे तेच लावतात." तिसरा फिनेल घेऊन आला. मी या सगळ्यांपेक्षा स्वतःला शहाणा समजत होतो, म्हणून कपाटातली माझी ट्यूब काढली. मेडिकलमध्ये नुसतं "खाजेचं द्या" म्हटलं की मिळते ती. सकाळ-संध्याकाळ वाघ्याला लावली. चार दिवसांत लाली गेली! मी कॉलर ताठ करून फिरलो. तिसऱ्या आठवड्यात मात्र चट्टे दोनाचे पाच झाले, डोळ्याभोवतीचे केस गेले आणि कोपरातून पू यायला लागला.

मामा त्याला घेऊन एका खासगी दवाखान्यात गेले. तपासणी, इंजेक्शन, गोळ्यांचा कोर्स, पुन्हा तपासणी असा एकूण खर्च ऐकून तसेच परत आले. म्हणाले, "एवढ्या पैशात माझ्या घरचा महिन्याचा किराणा येतोय बघा." त्यांचं काय चुकलं? त्या डॉक्टरांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जागेचं भाडं, औषधं, मशिन हे सगळं त्यांनाही फुकट मिळत नाही. पण वाघ्याचं काय?

मार्ग दाखवला तो मंगळवेढ्याकडच्या एका मित्राने. त्याच्या घरी म्हशी आहेत. "आमच्या म्हशीला सरकारी दवाखान्यात नेतो, मग ह्याला न्यायला काय झालं बे?" खरं सांगतो, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे गाय, म्हैस, शेळी, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. तिथे कुत्रीही तपासतात आणि केसपेपरचा खर्च आपल्या एका नाष्ट्याच्या आसपास येतो. रिक्षावाले कुत्रं बघून नाही म्हणाले, तेव्हा मेसच्या अण्णांनी भाजीचा टेम्पो दिला.

डॉक्टरांनी आधी औषध लिहिलं नाही, आधी विचारलं, "काय काय लावलंय?" मी ट्यूबचं नाव सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. चट्ट्याच्या कडेची कातडी चिमटीत दाबली, ब्लेडने किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडली, ते काचेच्या स्लाइडवर तेलाच्या थेंबात ठेवलं आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मग आम्हालाही दाखवलं. लांबट, चिरूटाच्या आकाराचे, पुढच्या बाजूला आखूड पाय असलेले जीव वळवळत होते. डेमोडेक्स! हे जीव जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी थोडे थोडे असतातच. अंगातली प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते. ती कमी झाली की त्यांचं फावतं. आणि त्या ट्यूबमध्ये काय होतं? स्टेरॉइड! सूज आणि लाली कमी करायची म्हणजे त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबायची. म्हणजे चार दिवसांत जो 'गुण' आला तो गुण नव्हताच. वॉचमनला झोपवून चोराला दार उघडून दिलं होतं, आणि ते देणारा मी होतो.

या सगळ्यातून माझं जे मत झालं ते एका वाक्यात सांगतो. पैसे कमी असतील तर पहिला पैसा औषधावर नाही, निदानावर खर्च करा.

आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. सर्किट चाललं नाही तर आधी मल्टिमीटर लावतो, उगाच एकेक कपॅसिटर बदलत बसत नाही. मग कातडीच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते? वरून सारखाच दिसणारा चट्टा डेमोडेक्सचा असेल, संसर्गजन्य खरजेचा असेल, गजकर्णाचा असेल, नाहीतर गोचीड-पिसवांमुळे खाजवून खाजवून झालेली साधी जखम असेल. प्रत्येकाचं औषध वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरू शकतं. आयव्हरमेक्टिनचंच घ्या. ज्या शोधातून ते आलं त्यासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळालं. औषध स्वस्त आहे, पण गुरांसाठीचं इंजेक्शन आणून अंदाजाने कुत्र्याला टोचलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना तर जनुकातल्या फरकामुळे ते मोठ्या मात्रेत सोसतच नाही. तेच आपल्या खोलीतल्या आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकचं. माणसाचं दुखणं थांबवणारी ही गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, किडनी बिघडवते.

दवाखान्यात जायला एक-दोन दिवस लागणार असतील तर काय करायचं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. जखमेभोवतीचे केस कापा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा दीड चमचा मीठ घालून त्याने जखम धुवा आणि कोरडी करा. पोव्हिडोन आयोडिन असेल तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चाटणं थांबवा. विकतची कॉलर नको, आम्ही मेसच्या फुटक्या बादलीचा तळ कापला, कडेला टेप गुंडाळली आणि वाघ्याच्या गळ्यात अडकवली. जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल आणि स्टेरॉइडची ट्यूब, ही चारही लांब ठेवा. जखमेत अळ्या पडल्या, घाण वास आला, कुत्रं खाईना, किंवा चट्टा बघता बघता पसरला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचं. हे सगळं हातमोजे घालून करा. दुखऱ्या जागेला हात लावला की शहाणं कुत्रंही चावतं. चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन थेट 'सिव्हिल' गाठा. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही.

काहीजण म्हणतील, "माणसांना औषध मिळेना आणि हे कुत्र्याचं घेऊन बसले!" मुद्दा खोटा नाही. पण गजकर्ण आणि एक प्रकारची खरूज कुत्र्याकडून माणसाकडे येते, आणि वाघ्याला कुरवाळत नाही असा एकतरी आहे का होस्टेलवर? शिवाय हा प्रश्न मामांचाही आहे. जो माणूस रात्रभर आपलं गेट राखतो, त्याचं जनावर केवळ पैशावाचून सडावं हे आपल्याला शोभतं का?

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकात दानातून उभं राहिलं आणि आजही चालू आहे. आपल्याकडे पेटिटशेठ नाहीत, पण गॅदरिंगला वर्गणी मागितली की खिसे उघडतात. वाघ्याच्या औषधासाठी मेसच्या काउंटरवर डबा ठेवला. पहिल्या दिवशी भरला, फोटोही भरपूर निघाले. दुसऱ्या आठवड्यात डब्यात काही नव्हतं! उपचार मात्र काही महिन्यांचा होता, कारण महिन्याच्या अंतराने दोन वेळा स्लाइड स्वच्छ येईपर्यंत औषध थांबवायचं नसतं. दया एका दिवसाची आणि कोर्स तीन महिन्यांचा, इथेच गणित चुकतं. शेवटी सातजणांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची असं वहीत लिहून सह्या केल्या. मोठा फंड नको, पण ज्याचं नाव वहीत आहे असा माणूस हवा. रेक्टर सर आणि रासेयोच्या सरांना विनंती की, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आणि वेळ नोटीस बोर्डवर लावावी. यात तर एक पैसाही लागत नाही.

वाघ्याची पहिली स्लाइड स्वच्छ आली आहे. कानामागे केस आले, कोपरावर अजून नाहीत. दुसरी स्लाइड पुढच्या महिन्यात.

आणि एक कबुली. ती ट्यूब वाघ्याला लावायच्या आधी सहा महिने मी स्वतःलाच लावत होतो. गजकर्ण जायचं, परत यायचं, प्रत्येक वेळी जास्त पसरून. असल्या स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केला, तरी मला कधी कुणी चिठ्ठी विचारली नाही आणि मीही कधी डॉक्टरला विचारलं नाही. वाघ्याची स्लाइड पाहिली त्याच आठवड्यात 'सिव्हिल'च्या स्किन ओपीडीच्या रांगेत उभा राहिलो. तिथेही पहिला प्रश्न तोच होता, "काय काय लावलंय?"

आपल्या कपाटात कुणाकुणाच्या ती ट्यूब आहे? जरा बघा.