दारी हत्ती झुलविण्याचा सोस

पाडव्याच्या मुहूर्तावर तालुक्यातालुक्यांच्या ठिकाणी ट्रॅक्टरच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, तिच्याविरुद्ध मला चार शब्द बोलावयाचे आहेत. ऐन सणात ही अशुभ वाणी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु घेणारा ज्या दिवशी घेतो त्याच दिवसाच्या आसपास बोलले पाहिजे. बॉनेटवरचा झेंडूचा हार सुकून गेल्यावर आणि पहिला हप्ता थकल्यावर केलेला उपदेश म्हणजे जखमेवर चोळलेले मीठच. त्यातून २०२५ च्या सप्टेंबरात शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जी. एस. टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि मोहाला आणखी एक निमित्त मिळाले.

मी यंत्राचा वैरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. बैलाच्या डोळ्यांतले कारुण्य आम्हा कादंबरीकारांनी पुष्कळ रंगविले; पण बैलजोडी वर्षाचे ३६५ दिवस खाते, आणि तिचे शेणपाणी ज्या माउलीला करावे लागते तिच्या डोळ्यांत डोकावण्याचे आम्हांला फारसे सुचले नाही. शेतावर यंत्र यावे, अवश्य यावे. माझे भांडण आहे ते कोणते यंत्र यावे याविषयी.

लोखंडी नांगर प्रथम निघाला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून आपले शेतकरी तो घ्यावयास धजत नव्हते, असे सांगतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, तो हा काळ. त्या वेळी आपण अति संशयी होतो. आज आपण अति भाबडे झालो आहोत. दुकानदार म्हणेल तितकी अश्वशक्ती आपण मुकाट्याने घरी आणतो.

आता जरा आकडे पाहू. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी धारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या घरात आली. भावाभावांत वाटण्या झाल्या, बांधांवर बांध पडले, जमीन तिसऱ्या हिश्शावर आली. आणि दाराशी मात्र ४५ नि ५० अश्वशक्तींचा ट्रॅक्टर उभा राहिला! वाडा मोडून खोपट झाले, पण झुंबर मात्र वाड्याचेच हवे, असा हा प्रकार आहे.

मी शाळामास्तर असल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. पाच एकरांचा एक शेतकरी घ्या. नांगरट, ढेकळे फोडणे, पेरणी, मालाची ने-आण सारे धरून एकरी बारा तास उदारपणे मोजा. वर्षाचे झाले ६० तास. यंत्राच्या खर्चाचा हिशेब शिकविणाऱ्या पुस्तकांत ट्रॅक्टरने वर्षाकाठी १००० तास काम करावे असे धरलेले असते. मग उरलेले ९४० तास तो काय करतो? अंगणात उभा राहून व्याज खातो. बैल निदान कडबा तरी खात होता!

यावर ठरलेले उत्तर येते : “मास्तर, दुसऱ्याच्या रानात भाड्याने चालवीन.” हा विचार गावात एकट्यालाच सुचता तर ठीक होते. पण दहा घरांतून दहा ट्रॅक्टर याच बोलीवर आले, म्हणजे कोणी कोणाकडे भाड्याने जावयाचे?

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही. वाफसा दोन दिवस टिकतो आणि त्या दोन दिवसांत साऱ्या गावाला तो हवा असतो. हे खरे आहे. तसेच, पंधरावीस अश्वशक्तींचा छोटा ट्रॅक्टर काळ्या भारी जमिनीत खोल नांगरट करू शकत नाही, हेही खरे. पण ही दोन सत्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहा. खोल नांगरट ही उन्हाळ्यातली. तिला वाफशाची घाई नाही, ती चार दिवस मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. तेवढ्यापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा. आणि ज्या कामांना खरोखर घाई असते, म्हणजे पेरणी, कोळपणी, फवारणी, गवत काढणे, ती कामे छोटे यंत्र करू शकते. वर्षातून एकदा लागणारी ताकद भाड्याने घ्यावी आणि रोज लागणारी घरात ठेवावी. जेवणावळीची पातेली आपण देवळातून आणतो. रोजच्या चुलीवर ती चढवीत नाही.

फळबागवाल्यांना तर हे आणखीच लागू आहे. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर, त्यातही दोन्हीकडून वेली पसरलेल्या. तेथे तीनेक फूट रुंदीचा ट्रॅक्टर सुखाने वळतो. मोठा घातला तर फांद्या मोडतो आणि चाकाखाली माती दाबून टाकतो. म्हणून घ्यावयाच्या आधी आपल्या बागेतली सर्वांत अरुंद ओळ मोजावी, ओळीच्या टोकाला वळावयास जागा किती ते पाहावे, आणि कागदावरच्या अश्वशक्तीला भुलू नये. इंजिनाची शक्ती निराळी आणि मागच्या पी. टी. ओ. वर औजाराला मिळणारी निराळी. वाटेत सुमारे पंधरा टक्के गळती होते. औजार फिरते ते त्या उरलेल्या शक्तीवर. तेव्हा दुकानदाराला प्रश्न विचारावयाचा तो तिचा.

आता गवताविषयी. बागेत उगवलेली प्रत्येक काडी म्हणजे शत्रू, अशी आपली समजूत झाली आहे. म्हणून एक तर तणनाशक मारावयाचे, नाही तर रोटाव्हेटर फिरवून जमीन पिठासारखी करावयाची. रोटाव्हेटरचे तर व्यसनच लागले आहे. वरची माती भुसभुशीत दिसते म्हणून मालक खूश. पण झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे त्या वरच्याच थरात असतात, ती तुटतात. वारंवार त्याच खोलीवर पाती फिरल्याने खाली कडक थर बसतो, आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ते पीठ ओढ्याला जाते. त्यापेक्षा गवत कापावे आणि जागीच पडू द्यावे. मुळे माती धरून ठेवतात, कापलेले गवत ओल झाकते आणि कुजून खत होते.

मात्र कापण्याची यंत्रेही एकजात नसतात. उभ्या दांड्याला फिरती पाती असलेले यंत्र उंच गवत आणि बारीक झुडपे झोडून काढते. आडव्या दांड्याला लहान पाती लावलेला मल्चर गवताचा भुगा करतो आणि दगड कमी उडवितो. कात्रीसारखी पट्टी चालविणारे यंत्र अखंड काडी कापते; ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याने तेच पाहावे. शहरातून येऊन दोन एकर घेणारे पुष्कळजण बंगल्यासमोरच्या हिरवळीचे यंत्र डोंगरउतारावर आणतात. ते पहिल्याच पावसाळ्यात दगडावर आपटून बसते. एवढ्याशा जागेला खांद्यावरचा ग्रास कटर पुरतो; तेथे ट्रॅक्टरची गरजच नाही. जागा मोठी असेल तर असा हिशेब करा : तीन फूट रुंदीचे औजार ताशी तीन किलोमीटरने चालविले तर, वळणे आणि सुटलेल्या पट्ट्या धरून, एक एकराला सुमारे दोन तास लागतात. पाच एकर बाग वर्षातून चार वेळा कापली, तरी ४० तास. याला पन्नास घोडे कशाला जुंपावयाचे?

एक गोष्ट मात्र कधीही काटकसरीत बसवू नये. उतारावर, बांधावर, विहिरीच्या काठाशी ट्रॅक्टर उलटतो आणि चालविणारा त्याखाली सापडतो. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. आपल्याकडे मात्र म्युझिक सिस्टिमला पैसे निघतात आणि सांगाड्यापाशी हात आखडतो. सांगाडा हवा, त्याच्या जोडीला पट्टा बांधलेला हवा, आणि मडगार्डावर पोराला बसविण्याची हौस बंद झाली पाहिजे. ते पोर खाली पडते ते थेट मागच्या चाकापाशी किंवा औजारापाशी.

आणि हे सगळे ठरविताना घरातल्या बाईला कोणी विचारतो का? विळा घेऊन पावसाळाभर वाकून गवत कापते ती. खुरपणीला मजूर मिळत नाहीत तेव्हा शेतात जाते ती. कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढला म्हणजे गळ्यातले काढून देते तीही तीच. तिच्या कंबरेचा भार ज्याने हलका होत नाही, ते यंत्र कितीही अश्वशक्तींचे असो, त्या घराच्या कामाचे नाही. छोटा ट्रॅक्टर तीही शिकू शकते. तिला दुकानात न्या, आसनावर बसवा, ब्रेकवर पाय पोचतो का पाहा. यंत्र आपल्याच शेतात आणवून तासभर चालवून पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नका.

पण या रोगाचे मूळ दुकानात नाही, सोयरिकीत आहे, हे मी जाणून आहे. मुलगी द्यावयास आलेले पाहुणे अंगणात काय उभे आहे ते पाहतात, म्हणून अंगणात हत्ती झुलवावा लागतो. तेव्हा लेकीच्या बापांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या लग्नसराईत स्थळ पाहावयास जाल तेव्हा त्या लाल-निळ्या पत्र्याकडे पाहू नका. ट्रॅक्टरच्या घड्याळात वर्षाचे तास किती पडले ते विचारा, सातबारा मागा, आणि त्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचे नाव आहे का ते चष्मा लावून वाचा. तुम्ही एवढे वाचू लागलात, तर गावोगावचे हत्ती आपोआप लहान होतील.